माहेरचे बांगडे

वास आधी कुणाला आला ते सांगता येणार नाही, पण नाकाला रुमाल पहिल्यांदा लावला तो रूपालीने. गाडीने मिठबावचा चढ संपवला, माडांची शेवटची रांग मागे पडली, आणि ती पुढच्या सीटवरून गाडी चालवणाऱ्या भावाला म्हणाली, "प्रितेश, काच खाली कर रे. कसलो तरी वास येता."

मागच्या सीटवर नर्मदा आणि तिची मुलगी अपेक्षा बसल्या होत्या. नर्मदेने पाय जवळ ओढले.

"वास कसलो, सुक्या बांगड्यांचो," ती हसून म्हणाली. "दोन पुडकी आसत. एक डिकीत, तुमच्या आवशीक. फोनवर सांगितल्यान मां तेणी, मिठबावचे बांगडे हाडा म्हणान? आनि ह्यां एक माझ्या पायाकडे."

"ह्यां कोणाक?"

"माडयेवयल्या बायेक."

रूपालीने भावाकडे पाहिलं. भावाने आरशातून अपेक्षाकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. अपेक्षाला हसू आलं. सकाळच्या त्या पहिल्या तासात तिला सगळ्याचंच हसू येत होतं.

लग्न वैशाखात ठरलं होतं. प्रितेशच्या वडिलांची बांद्याला महामार्गावर खानावळ होती. पाटीवर माणसाएवढी लांब सुरमई रंगवलेली, आणि रंगाऱ्याने हौसेने तिला पापण्याही काढलेल्या. मागच्या वर्षी मसुऱ्याच्या जत्रेत गर्दीत अपेक्षाची चप्पल तुटली, तेव्हा या मुलाने आपल्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि स्वतः तापलेल्या कातळावरून अनवाणी चालत गेला. पायाला फोड आले तरी हसत होता. तो तिला आवडला होता, खोटं कशाला बोला. आज तो तिला डोंगरावरचा महाल दाखवायला नेत होता. लग्न तिथेच करायचं त्याच्या मनात होतं. लग्नाआधी दोघांनी एकट्याने जायचं नाही, म्हणून तिच्याकडून आई आणि त्याच्याकडून बहीण.

नर्मदेला हे लग्न लेकीहून जास्त हवं होतं. मिठबावच्या बंदरावर आणि पुढे बाजारात मासे विकून तिचे हात असे झाले होते की लिंबू चोळा, राख चोळा, चिंच चोळा, वास कातडीच्या खालून येई. लेक झाली तेव्हा सुईण म्हणाली होती, हात बघ गो कसे केवड्याच्या पातीसारखे. त्या दिवसापासून नर्मदेचं देवाकडे एकच गाऱ्हाणं होतं: ह्या हातांक वास लागाक दिव नको. नवरा दत्ताराम होडीवर गेला की टोपली उचलायची ती हिने. मुलीला तिने टोपलीला कधी हात लावू दिला नाही.

"माडयेवाली बाय कोण ती?" रूपालीने विचारलंच.

नर्मदा सांगायला लागली. ती गोष्ट सांगत नसे, तिला ती गातच यायची. मासळी चिरून मीठ भरताना बंदरावरच्या बायका एकीमागून एक ओळ उचलायच्या. तीच आता तिने गाडीच्या आवाजात हळू म्हटली:

*उंच डोंगरार माडी, तिका बारा गो दारां,*
*एकाय दारान येयना माज्या म्हायेरचां वारां.*

"राजान आमच्या किनाऱ्यावयलां चेडू उचलून न्हेलां," ती म्हणाली. "ती बांगडे सुकत घाली हुती वाळूत. हातात मीठ तसांच. मगे तेची आये दर वर्सा सुके बांगडे घेवन डोंगराच्या पायथ्याक जाय. लेकीक सासरी जाताना आमी न्हेतोच मां, तसां. पण वर कोणी तिका सोडूक नाय. पायथ्यासून परत. म्हणान आमच्यातलां कोणय त्या डोंगरार चढला, तर म्हायेरचां पुडकां घेवन चढता. उगवतीक न्हय, मावळतीच्या उंबऱ्यार ठेवचां. थयसून दर्या दिसता."

"बरी आसा गोष्ट," प्रितेश म्हणाला. "पण मावशी, थयसर आता कंपनीचो कारभार आसा. लोक मुंबयसून येतत."

"येवदेत मां. बायेक काय तेचां?"

*

महामार्ग सोडला आणि गाडी घाटीच्या वळणांनी वर चढली. काजू मोहरले होते. वाऱ्यात मोहराचा कडसर गोड वास होता, आणि अपेक्षाने काचेबाहेर तोंड काढून तो पोटभर घेतला. त्या दिवसातला चांगला वास तेवढाच.

वर, कमानीवर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं: प्रेममहाल. शेवटच्या ल ला पाकळ्या फुटल्या होत्या. कमानीखाली फेटा बांधलेला एक माणूस उभा होता, आणि आत येणाऱ्या प्रत्येकावर तो गुलाबपाणी उडवत होता. पाठीला निळी टाकी, हातात लांब नळी. कलमांवर औषध मारतात तोच पंप. देवगडच्या बाजूचं शेंबडं पोरही तो ओळखेल.

नर्मदेने पदर तोंडावर घेतला. "पंप धुतलंस मां रे झिला, की काल तुडतुड्यांवर मारून इलंस?"

फेटेवाला हसला आणि त्याने जास्तच उडवलं. ते पाणी गोड नव्हतं, चिकट होतं. अपेक्षाच्या केसांत, कानामागे, ओठांवर ते बसलं. जिभेला लागलं तेव्हा तिला लहानपणचं तापाचं औषध आठवलं.

"दोन मोठे, दोन महिला," प्रितेश तिकिटाच्या खिडकीशी बोलत होता. "नाही, म्हणजे सगळे मोठेच. लॉन बघायचं आहे. मॅनेजरसाहेबांशी बोलणं झालंय माझं." कमानीच्या आत पाऊल टाकल्याबरोबर त्याची बोली बदलली होती. खांदेही थोडे वर गेले होते. अपेक्षाला ते आधी गमतीचं वाटलं.

माहिती सांगणाऱ्याला सगळे भाई म्हणत. पायथ्याच्या गावचा, पन्नाशीचा माणूस. अंगात उसना कोट, आणि पाठ केलेलं बोलणं.

"रसिकहो! या महालाच्या प्रत्येक चिऱ्यात प्रेम आहे. महाराजांनी किनाऱ्यावर एक सुंदर कोळीण पाहिली आणि ते देहभान विसरले. पण अडचण होती, रसिकहो. तिच्या अंगाला मासळीचा वास!" इथे तो थांबला. कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. "महाराजांनी काय केलं? या हौदात तिला एकवीस दिवस गुलाबपाण्याने न्हाऊ घातलं. वास गेला, आणि मगच महाराजांनी तिला हृदयाशी धरलं!"

लोक खदखदून हसले. एका नवऱ्याने बायकोची मान हुंगून तोंड वाकडं केलं, तिने त्याला चापट मारली. प्रितेशही हसला. हसताना त्याची नजर एका क्षणापुरती नर्मदेकडे गेली आणि परत आली. नर्मदा हौदात बघत होती. अपेक्षा प्रितेशकडे बघत होती.

हौदात हिरवं पाणी होतं. त्यावर तेलाचा तवंग, कुस्करलेले गुलाब, वेफर्सची पाकिटं आणि एक मेलेलं वटवाघूळ, पंख पसरून, उघड्या छत्रीसारखं. गुलाब त्याच्या पोटाला चिकटले होते.

"एकवीस दिस?" नर्मदा हळूच लेकीला म्हणाली. "चेडवाक पडसां झालां असतलां गो."

माडीवरच्या दालनात कोळणीचा पुतळा होता. मुंबईच्या सिनेमातल्यासारखं लुगडं, कमरेला चांदीचा कागद. "असां आमच्याकडे कोण नेसता?" नर्मदा म्हणाली. पुतळ्याच्या नाकाचा शेंडा उडाला होता. ओठ कुणीतरी नव्याने रंगवले होते, ओठांच्या बाहेरून. लोक रांगेने येऊन तिच्या खांद्यावर हात टाकत होते, फोटो काढत होते, आणि हात खांद्यावर राहत नव्हता. चोळीचा पुढचा भाग त्या हातांच्या मळाने काळा आणि तेलकट झाला होता. भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं, बदाम, बाण. कोपऱ्यात पानाची पिंक, ताजी, अजून ओघळणारी. आणि या सगळ्यावर तो गुलाबाचा वास, ओल्या गोधडीसारखा.

अपेक्षाने तळवा नाकावर धरला.

"एक फोटो काढूया," प्रितेश कॅमेरा सरसावत म्हणाला. पुतळ्याच्या पायाशी एक प्लॅस्टिकची टोपली होती, तीत प्लॅस्टिकचे मासे. "ती टोपली घे बघू डोक्यावर. गंमत म्हणून."

"खरी घराकडे ठेवन इलंस, आता खोटी घी," रूपाली म्हणाली, आणि हसताना तिने तोंडावर हात धरला.

अपेक्षाने टोपली उचलली. बुडाला कुणीतरी चघळून लावलेला च्युइंगम बोटांना लागला, तार होऊन लांब आला. तिने टोपली खाली ठेवली. बोटं पुसायला काही नव्हतं. तिने ती भिंतीच्या चिऱ्यावर घासली, मग पुन्हा घासली, कातडी लाल होईपर्यंत.

"काय झालं?" प्रितेशने विचारलं.

"माका नको."

"बरं, नको तर नको," प्रितेश लगेच म्हणाला. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्या बोटांवर धरलं. मन त्याचं वाईट नव्हतं. तेच कठीण होतं.

*

लॉनवर लाल छत्र्या लावल्या होत्या. सरबत आलं, ग्लासात गुलाबाची पाकळी आणि पाकळीला धरून एक मुंगळा. नर्मदा मघाशीच पायाकडच्या पुडक्याची पिशवी घेऊन मावळतीच्या दाराकडे गेली होती. रूपाली जरा दूर बसून मोबाइल उंच धरून रेंज शोधत होती. प्रितेशने खुर्ची जवळ ओढली आणि सगळं मांडलं. मंडप इथे, वाजंत्री तिथे, वरमाला त्या जिन्यावर. बोलताना त्याचे डोळे चमकत होते.

"फक्त मंडळी जरा निवडक व्हयी," तो म्हणाला. आता तो पुन्हा आपल्या बोलीत आला होता, तिच्यासाठी. "तुमच्या बाजून बंदरावयल्यो बायो सगळ्यो नको. म्हणजे घराकडे जेवण घालूया आपण तेंका, वेगळां. झ्याक. मटण, वडे."

"वेगळां."

"आनि मावशींनी आता आराम करूचो. तेंका मी काय कमी पडाक देवचंय नाय. पण विकणां बंद. बांद्यात चार लोक येतत खानावळीत, कोणतरी वळाखतला."

"तुमच्या खानावळीच्या पाटयेर सुरमय आसा."

"खाणां वेगळां गो," तो समजावत म्हणाला. "विकणां वेगळां."

तिने सरबताच्या ग्लासातला मुंगळा बोटाने काठावर काढला. तो गुलाबी झाला होता, पाय ओढत चालत होता. "आनि आयेक माका बघूक येवचां झालां तर?"

"येवदेत मां! फोन करून येवदेत. मी गाडी धाडतलंय स्टँडार. फक्त तां पुडकां-बिडकां घेवन लोकांसमोर नको, मागल्या दारान." तो हसला, तिचा हात हातात घेतला, आणि मान वाकडी करून म्हणाला, "नायतर गुलाबपाणी आसाच, एकवीस दिस."

थट्टाच होती. त्याच्या डोळ्यांत माया होती. तिने आपला हात त्याच्या हातात पाहिला, केवड्याच्या पातीसारखा, आणि तिला वाटलं, हा हात कुणीतरी पुतळ्यावरून काढून आणून इथे ठेवला आहे.

तेवढ्यात मावळतीच्या दाराकडून आरडाओरडा ऐकू आला.

"ही घाण कुणी आणली? कुणी आणली ही घाण?"

मॅनेजर होता, नाकाला रुमाल. उंबऱ्यावर पुडक्याचं वेष्टण, पोफळीची विरी, उलगडलेली, आणि तिच्यात बांगडे, एकासारखा एक, मिठाने रुपेरी झालेले. वर अबोलीचं एक फूल. झाडूवाल्याने मॅनेजरच्या इशाऱ्यावर झाडू घातला. बांगडे फरशीवरून खरवडत गेले आणि कचऱ्याच्या पिंपात पडले, उष्ट्या ग्लासांवर, हौदातून काढलेल्या गुलाबांवर. त्या मेलेल्या वटवाघळावर.

नर्मदा बाजूला भिंतीला पाठ लावून उभी होती. हातांना अजून मीठ होतं.

मॅनेजर लॉनवर आला. "साहेब, तुमच्याबरोबरच्या आहेत का त्या? त्यांनी आणलं का ते?"

प्रितेश उभा राहिला. खांदे वर गेले.

"आमच्यातलं कोणी नाही," तो म्हणाला. "इथले गाववाले असतील."

नर्मदा हाकेच्या अंतरावर होती. तिने ऐकलं. ऐकून तिने काय केलं, तर पदर डोक्यावरून घेतला आणि पाठ फिरवली, जणू ती खरंच त्यांच्यातली कोणी नव्हती. जणू त्याचं बोलणं खोटं पडू नये म्हणून.

*

अपेक्षा तिच्याजवळ गेली तेव्हा नर्मदा खिडकीतून समुद्र बघत होती. समुद्र होता, पण सुईत ओवायच्या दोऱ्याएवढा, डोंगरांच्या पलीकडे. आवाज नाही, वारा नाही.

"काय बोला नको," नर्मदा लेकीला आधीच म्हणाली. "तेची काय चूक? चार लोकांत काय सांगतलो तो? लगीन मोडूक ह्यां काय कारण न्हय. बांगडो तो काय, उद्या दुसरो सुकत घालूया."

"आये, तिची आये पायथ्यासून परत गेली म्हणतंस."

"होय गो."

"तिका कोणी परत धाडल्यान? शिपायान?"

नर्मदा विचार करू लागली. इतकी वर्षं ती ओवी म्हणत आली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. ओवीत ते नव्हतंच.

"शिपायाक ती कशी गप ऱ्हवतली?" ती शेवटी म्हणाली. "आय ती. शिपायाक फाडून खायत. कोणतरी गोड बोलणारो असतलो."

आणि आपलंच बोलणं ऐकून तिने लॉनकडे, प्रितेशकडे पाहिलं. मग तिच्या ओठांतून ओवीची पुढची ओळ आली, गाण्यासारखी नाही, नुसती बोलल्यासारखी:

*न्हाणयेत गुलाब, तेलात चाफो चमेली,*
*माजी बाय मिठाच्या वासाक गो भुकेली.*

अपेक्षा लॉनवर परत आली. "चावी द्या," ती प्रितेशला म्हणाली. "डिकीची."

"पिशवी व्हयी? मी हाडतंय."

"चावी."

त्याने दिली. ती कमानीबाहेर गेली आणि प्रितेशच्या आईसाठी आणलेलं दुसरं पुडकं छातीशी धरून आत आली. फेटेवाल्याने पंप उचलला, तिचा चेहरा बघून खाली ठेवला. ती हौदावरून गेली. लोक बाजूला होत होते, नाकं धरत होते, एक पोरगी "ई" म्हणून किंचाळली. ती दालनातून गेली, तिथे कुणाचा तरी हात पुतळ्याच्या चोळीवर होता, तो वास येताच निघाला. मावळतीच्या उंबऱ्यावर ती बसली आणि विरीचा बंद सोडला.

"गो, तां आवशीचां!" रूपाली धावत आली. "आवस सकाळपासून वाट बघता तेची! पेजेवांगडा खातलंय म्हणा हुती!"

प्रितेश मागोमाग आला. "अपेक्षा, काय करतंस ह्यां? लोक बघतत!" कमानीच्या आत तो पहिल्यांदाच लोकांसमोर आपल्या बोलीत बोलला, आणि ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिने बांगडे मांडले, तोंडं समुद्राकडे करून. हातांना मीठ लागलं, तेल लागलं, वास लागला. तिने ते पुसले नाहीत.

"बाये," ती उंबऱ्यापलीकडे बघत म्हणाली, "ह्यां म्हायेरचां. घी."

मग उठून तिने चावी प्रितेशच्या हातावर ठेवली. "तुमी खोटां बोललास नाय," ती म्हणाली. "आमच्यातलां कोण नाय म्हणालास. आता तसांच आसा. तुमच्या आवशीक सांगा, बांगडे पोचले. जेंका भूक हुती तेंका."

"एका बांगड्यासाठी?" तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. "गो, मी तुका चपला दिल्लंय…"

"दिल्लास. तेचीच तर माका लाज वाटता, की मी तेवढांच बघलंय."

मॅनेजर झाडूवाल्याला घेऊन येत होता. भाई मध्ये उभा राहिला. त्याचा उसना कोट घामाने भिजला होता. पाठांतर संपल्यावर त्याला एकच बोली येत होती. "रवांदे साहेबानू. दिवेलागणीक मीच काढतंय. बायो आपल्या गावच्यो आसत."

*

डोंगर त्या पायीच उतरल्या. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. खाली महामार्गावर एसटी मिळणार होती. प्रितेशची गाडी वळणावर त्यांच्याजवळ थांबली. रूपालीने खाली मान घातली. काच अर्धी उतरली, आणि पुन्हा वर गेली.

अपेक्षाच्या केसांतून गुलाबाचा वास जाईना. ती एका दगडावर बसली. नर्मदेने पदर तोंडातल्या थुंकीने भिजवला, लहानपणी पुसायची तसं लेकीचं कपाळ, कान, मान पुसली. मग तिचे हात हातात घेतले आणि नाकाजवळ नेले. बावीस वर्षांचं गाऱ्हाणं त्या हातांवरून खाली गेलं होतं. आता त्यांना वास लागला होता.

तिचे डोळे ओले झाले, पण आवाज रोजचाच होता.

"सगळेच ठेवलंस गो थंय?" ती म्हणाली. "येक तरी सांजच्या पेजेक ऱ्हवांदी हुतंस."